जीवनकौशल्ये आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा सामाजिक विकास : वसतिगृह, शिबिर आणि विद्यार्थी परिषद यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : जीवनकौशल्ये, सामाजिक विकास, स्वावलंबन, वसतिगृह, राष्ट्रीय सेवा योजना, विद्यार्थी परिषद

प्रस्तावना :

उच्च शिक्षणाविषयीच्या चर्चेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे शब्द रूढ झाले, त्यांमध्ये 'जीवनकौशल्ये' या शब्दाचे स्थान अग्रभागी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शालेय शिक्षणाच्या संदर्भात या संकल्पनेची मांडणी केली. दैनंदिन जीवनातील गरजा व आव्हाने यांना परिणामकारकपणे सामोरे जाता यावे, यासाठी व्यक्तीच्या ठायी असावी लागणारी अनुकूल व विधायक वर्तनाची क्षमता म्हणजे जीवनकौशल्य, असा तिचा आशय सांगता येईल. स्व-जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णयक्षमता, समस्या निराकरण, प्रभावी संवाद, आंतरव्यक्ती संबंध, भावनांचे समायोजन आणि ताणतणावाचे समायोजन ही दहा मूलभूत कौशल्ये त्या मांडणीत नोंदविलेली आहेत. बी.एड.च्या विद्यार्थ्यास ही यादी बहुधा मुखोद्गत असते. यादी मुखोद्गत असणे आणि कौशल्य अंगी बाणणे यांत किती अंतर आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवी स्तरासाठी 'जीवन कौशल' हा आठ श्रेयांकांचा अभ्यासक्रम प्रसृत केला. संवाद कौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन कौशल्ये आणि वैश्विक मानवी मूल्ये असे त्याचे चार भाग होते. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. दरम्यान २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विचारास धोरणात्मक अधिष्ठान दिले. अभ्यासक्रम आला, श्रेयांक आले, त्यापाठोपाठ नेहमीप्रमाणे बाजारात मार्गदर्शिकाही आल्या. समानुभूतीवर पाच गुणांची टीप लिहिणारा विद्यार्थी आपल्याच वर्गातील एखादा सहाध्यायी महिनाभर अनुपस्थित का आहे, याची चौकशी करीत नाही, हा अनुभव मात्र आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्रश्न केवळ शैक्षणिक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांत देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय पाहता महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. प्रत्येक आत्महत्येमागे कौशल्याचा अभाव असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल; कर्जाचे, बेकारीचे वा जातीवरून झालेल्या अपमानाचे ओझे कौशल्याने नाहीसे होत नाही. परंतु आपली अडचण कोणापुढे तरी बोलून दाखविणे, मदत मागणे, अपयश चारचौघांत पचविणे आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील बदल वेळीच ओळखणे या गोष्टी शिकाव्या लागतात. त्या शिकण्याच्या जागा आपल्या महाविद्यालयात आज कोणत्या आहेत, याचा शोध घेणे आवश्यक वाटते.

संकल्पनेचा संकोच :

जीवनकौशल्यांचा आपल्याकडे लावला गेलेला अर्थ बराच आकुंचित आहे. 'व्यक्तिमत्त्व विकास' या नावाने होणाऱ्या एकदिवसीय कार्यशाळांत बाहेरून आलेले वक्ते मुलाखतीस कसे बसावे, हस्तांदोलन कसे करावे, गटचर्चेत प्रथम कसे बोलावे हे शिकवितात. याचा उपयोग नाही असे नाही. परंतु संवादकौशल्य म्हणजे इंग्रजी संभाषण, अशी जी समजूत त्यातून दृढ होते, तिचा सर्वाधिक फटका घरातील पहिल्या शिकणाऱ्या पिढीस बसतो. जो विद्यार्थी गावच्या तलाठ्याशी, बँकेतील कारकुनाशी आणि जात पडताळणी समितीच्या कार्यालयाशी बोलून आपली कागदपत्रे मिळवितो, महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरतो आणि शेजारच्या दोघांचाही भरून देतो, त्याच्याजवळ संवादाचे व समस्या निराकरणाचे कौशल्य आहेच. कार्यशाळेत मात्र तो मागच्या बाकावर गप्प असतो आणि प्रतिपुष्टीच्या अर्जावर 'आत्मविश्वास कमी' अशी नोंद स्वतःविषयी करून जातो.

दहाही कौशल्यांचा एकत्र विचार केल्यास त्यांच्यामध्ये एक समान धागा आढळतो. ज्या ठिकाणी आपल्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्यांवर होतो आणि त्याचे उत्तर आपणास द्यावे लागते, अशाच ठिकाणी ती वाढीस लागतात. व्याख्यान त्यांना नाव देऊ शकते, अनुभवावर विचार करावयास लावू शकते. अनुभवाची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाला या दृष्टीने एक समृद्ध परंपरा लाभलेली आहे. जीवनकौशल्ये हा शब्द येण्यापूर्वी कितीतरी वर्षे ही परंपरा कार्यरत होती, हे येथे नमूद करावयास हवे.

साताऱ्याचा वारसा :

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस या नावाने ओळखल्या गेलेल्या आणि धनिणीच्या बागेत नांदलेल्या या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही घटना किती असाधारण होती, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मुलांच्या भोजनासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि 'कमवा व शिका' ही कल्पना महाविद्यालयीन स्तरावर रुजली. पुण्यात १९५५ पासून कार्यरत असलेल्या विद्यार्थी सहायक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी हाच स्वावलंबनाचा धागा पुढे नेला. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची या स्वरूपाची योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

या परंपरेचे आर्थिक अंग आपण नेहमी सांगतो : गरीब मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागला. तिचे सामाजिक अंग अधिक मोलाचे आहे. ज्याच्या घरी पाणी पिणे निषिद्ध मानले जात असे, त्याच्याच हातची भाकरी खाऊन शेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलास समतेवर निबंध लिहिण्याची गरज उरत नसे. श्रमाविषयीची लाज तेथे रोजच्या रोज झडून जात असे. आजच्या 'कमवा व शिका' योजनेत हे अंग कितपत शिल्लक आहे, हे तपासण्यासारखे आहे. ग्रंथालयातील पुस्तकांवर शिक्के मारणे किंवा कार्यालयातील नोंदवह्या उतरून काढणे यांतून तासाचे मानधन मिळते आणि गरजू विद्यार्थ्यास त्याचा आधार होतो; परंतु काम काय करावे, कोणी करावे, कसे वाटून घ्यावे यांपैकी एकही निर्णय त्याच्याकडे नसतो.

खानावळीचा हिशेब :

या संदर्भात वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या खानावळीचा थोडा विस्ताराने विचार करणे उपयुक्त ठरेल. वरकरणी क्षुल्लक वाटणारी ही संस्था वस्तुतः जीवनकौशल्यांची पूर्ण प्रयोगशाळा आहे.

जेथे अशी पद्धत आहे, तेथे दर महिन्यास विद्यार्थ्यांपैकी एक वा दोघे मेस सेक्रेटरी होतात. धान्य घाऊक बाजारातून आणावयाचे, भाजी पहाटे मंडईतून आणावयाची, आचाऱ्याचा आणि भाकरी करणाऱ्या मावशींचा पगार वेळेवर द्यावयाचा, गॅसच्या टाक्यांची नोंद ठेवावयाची आणि महिनाअखेर एकूण खर्च जेवणाऱ्यांमध्ये विभागावयाचा. हा विभाग सरळ भागाकाराने होत नाही. गावी गेलेल्यांचे खाडे वजा करावे लागतात. खाडा कोणता धरावयाचा? एका दिवसाचा, की सलग तीन दिवसांचा? आदल्या दिवशी कळविले नसेल तर? पाहुण्यांच्या ताटाचा दर काय? रविवारच्या फीस्टला जे मांसाहार करीत नाहीत, त्यांच्यावर त्या खर्चाचा बोजा पडावा काय? उपवासाच्या दिवशी साबुदाणा मागणाऱ्यांचा जादा खर्च सर्वांनी सोसावा काय? हे प्रश्न सोडविताना एकोणीस-वीस वर्षांची मुले नियम तयार करतात, तो मोडणाऱ्याशी भांडतात, नियम चुकीचा असल्याचे लक्षात आल्यावर तो बदलतात. राज्यशास्त्राच्या तासाला सामाजिक करार समजावून सांगताना जे साधत नाही, ते खाड्यांच्या वहीपुढे साधते.

याहून कठीण प्रसंग थकबाकीचा. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून एखाद्या विद्यार्थ्याचे दोन महिन्यांचे पैसे थकतात. वाणी उधारी वाढवावयास तयार नसतो. त्या विद्यार्थ्याचे ताट बंद करावे, तर तो उपाशी राहील. न करावे, तर उद्या ज्यांच्याजवळ पैसे आहेत तेही देणार नाहीत. सेक्रेटरीने त्याला एकीकडे घेऊन विचारावयाचे, खरी अडचण आणि टाळाटाळ यांतील फरक ओळखावयाचा, त्याचा अपमान होणार नाही अशा रीतीने इतरांना सांगावयाचे आणि मार्ग काढावयाचा. समानुभूती, निर्णयक्षमता, संवाद व ताणाचे समायोजन यांची येथे एकाच वेळी परीक्षा होते, आणि ती खरी असते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच पंगतीत बसून जेवावयाचे असते. घरची ओढग्रस्त बोलून दाखविण्याची सवयही येथेच लागते. ज्याने एकदा 'माझे पैसे आले नाहीत' हे मित्रांपुढे सांगितले आणि तरीही त्याचे ताट वाढले गेले, तो पुढील अडचणीत एकटा राहण्याची शक्यता कमी असते.

अशा खानावळी झपाट्याने कमी होत आहेत, असे जाणवते. ठेकेदार नेमणे रेक्टरांच्या दृष्टीने सोयीचे असते. हिशेब तपासणीच्या वेळी एकच देयक दाखवावे लागते. शासकीय योजनांचा कलही थेट रकमेकडे आहे. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये शहरी भागांतील आपल्या वसतिगृहांत भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात रक्कम जमा करण्याचे धोरण स्वीकारले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. खानावळ पूर्ववत सुरू करावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. रोख रकमेने विद्यार्थ्यास निवडीचे स्वातंत्र्य मिळते, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि, एकत्र ताट वाढले जाण्याची जागा नाहीशी झाली म्हणजे काय नाहीसे होते, याचा विचार धोरण आखताना झालेला दिसत नाही.

मुलींच्या वसतिगृहांची स्थिती आणखी वेगळी आहे. पहाटे मंडईत जाण्यास बहुधा परवानगी नसते, त्यामुळे खरेदी शिपायाकडे आणि हिशेब अधीक्षिकांकडे जातो. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वाट्याला केवळ जेवणाऱ्याची भूमिका येते. पुढे हीच मुलगी नोकरीच्या गावी एकटी घर घेते, तेव्हा व्यवहार करण्याची पहिली संधी तिला तेथे मिळते.

शिबिरातील सात दिवस :

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह झाला. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित कार्य करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, ही तिची रचना सर्व प्राध्यापकांस ज्ञात आहे. महाराष्ट्रात पदवी स्तरावर नव्या रचनेनुसार आलेले क्षेत्रीय प्रकल्प व समुदाय सहभाग प्रकल्प याच कुळातले आहेत.

या शिबिरांचा अनुभव घेतलेले माजी विद्यार्थी वीस वर्षांनंतरही त्याविषयी आस्थेने बोलतात, यातच त्याचे मोल आहे. तरीही शिबिराचे वेळापत्रक पाहिले असता एक गोष्ट खटकते. पहाटेची प्रभातफेरी, श्रमदान, दुपारचे व्याख्यान, सायंकाळचे प्रबोधन असा सारा दिवस कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आधीच बांधलेला असतो. श्रमदानाचा विषयही ठरलेला असतो. उदाहरणार्थ, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालणे. हा बंधारा पावसाळा संपता संपता, ओढ्यास पाणी वाहते असताना घातला तरच त्याचा उपयोग होतो. आपली शिबिरे सत्र परीक्षा आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत भरतात. तोपर्यंत अनेक ओढे आटलेले असतात. स्वयंसेवक निष्ठेने पोती भरतात, छायाचित्र निघते, अहवाल जातो. येथे बंधारा हवा की नको, हवा तर कोठे आणि कधी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी गावातील शेतकऱ्यांस विचारला असता तर चिकित्सक विचाराचा याहून उत्तम पाठ कोणता असता? कदाचित गावाने सांगितले असते की आम्हास बंधारा नको, अंगणवाडीच्या वाटेवरील चिखल काढून द्या. काही कार्यक्रम अधिकारी हे करतात. शिबिरापूर्वी स्वयंसेवकांना दोन-तीन वेळा गावी पाठवून कामाची निवड त्यांच्याकडे सोपवितात. त्यांच्या अहवालात पूर्ण झालेली कामे कमी दिसतात आणि म्हणून कौतुकही कमी होते.

भोजन समिती हा शिबिराचा दुर्लक्षित पण जिवंत भाग. पन्नास जणांचा स्वयंपाक, त्यात कमी पडलेली भाजी, भांडी घासण्यास नकार देणारे दोन मुलगे आणि 'हे मुलींचेच काम' असे सहज बोलून जाणारा तिसरा. लिंगभाव समतेवरील दुपारचे व्याख्यान आणि रात्रीची भांडी यांत विसंगती दिसली, तर ती तेथेच, चुलीपाशी चर्चेस घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून पाळी लावली जाते आणि तो विषय मिटतो. किंवा मिटत नाही, आणि तेव्हा खरी चर्चा सुरू होते.

विद्यार्थी परिषद :

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. महाविद्यालयीन विद्यार्थी देशाचा मतदार झाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम १९९४ अन्वये, महाविद्यालयातील वर्गप्रतिनिधी गुणवत्तेच्या आधारे म्हणजे मागील परीक्षेतील गुणांवरून नियुक्त होऊ लागला. विधानसभेसाठी मत देण्यास पात्र असलेल्या तरुणास आपला वर्गप्रतिनिधी निवडता येईना. या निर्णयास कारणे होती. निवडणुकांतील पैसा, दहशत आणि हिंसा यांनी शैक्षणिक वातावरण बिघडले होते, हे नाकारता येत नाही. मात्र रोगावरील उपचार म्हणून अवयवच काढून टाकण्यात आला. अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी इतरांचे प्रतिनिधित्व करू शकेलच असे नाही. अनेकदा त्यास ते नकोही असते.

लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराची उपस्थिती, खर्चाची मर्यादा इत्यादींविषयी शिफारशी करून मध्यम मार्ग दाखविला व सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व राखीव प्रवर्गातील प्रतिनिधी थेट मतदानाने निवडले जावेत, असे त्यात म्हटले आहे. २०१९ मध्ये निवडणुकांची घोषणा होऊनही त्या लांबणीवर पडल्या आणि पाठोपाठ करोनाची साथ आली. किमान दोन दशकांतील विद्यार्थ्यांनी पराभूत होऊन दुसऱ्या दिवशी विजयी उमेदवाराशेजारी वर्गात बसण्याचा अनुभव घेतलाच नाही. भावनांच्या समायोजनाचे याहून रोकडे शिक्षण दुसरे संभवत नाही.

निवडणूक होईल तेव्हा होवो. लहान संधी आजही उपलब्ध आहेत. लैंगिक छळ प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात अंतर्गत समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि त्यांची निवड पारदर्शक लोकशाही पद्धतीने व्हावी, अशी तरतूद आहे. अनेक ठिकाणी ही नावे प्राचार्यांच्या कक्षात ठरतात. वास्तविक गोपनीयता राखणे, दोन्ही बाजू ऐकणे, मैत्री बाजूला ठेवणे या गोष्टी ज्या पदावर शिकता येतील, त्या पदासाठी विद्यार्थ्यांनी आपल्यातून विश्वासाची व्यक्ती निवडणे हाच एक धडा ठरला असता.

मूल्यमापन आणि वेळापत्रक :

जीवनकौशल्यांच्या मापनासाठी आपल्या संशोधनपत्रिकांतून बहुधा पाच पर्यायांची प्रश्नावली वापरली जाते. 'मी इतरांच्या भावना समजून घेतो' या विधानापुढे 'पूर्णतः सहमत' यावर खूण करणे कोणास अवघड आहे? कार्यक्रमापूर्वी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली की सरासरी वाढलेली दिसते, कारण कोणते उत्तर अपेक्षित आहे हे विद्यार्थ्यास तोपर्यंत समजलेले असते. यापेक्षा खाड्यांची वही, सभेचे इतिवृत्त, शिबिराची रोजनिशी आणि सोबत काम केलेल्या दोघांची साक्ष अधिक बोलकी ठरते. अशा अनुभवास श्रेयांक जरूर द्यावेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास साधारणतः ३० तास धरले जातात, आणि महिनाभर खानावळ चालविणाऱ्याचे तितके तास पहिल्या पंधरवड्यातच भरतात. परंतु सहभागाची नोंद झाली की थांबावे. समानुभूतीस दहापैकी सात आणि निर्णयक्षमतेस सहा अशी श्रेणी देऊ लागल्यास पुन्हा टिपाच तयार होतील.

एक व्यावहारिक अडचण राहते. परिषदेची सभा, समितीची बैठक, नाटकाची तालीम हे सर्व बहुतेक महाविद्यालयांत तास संपल्यावर होते. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याची, आणि विशेषतः विद्यार्थिनीची, शेवटची एस.टी. तोवर सुटण्याच्या बेतात असते. परिणामी शहरात राहणाऱ्यांनाच पदे मिळतात, त्यांचाच आत्मविश्वास वाढतो आणि पुढील वर्षी निवडही त्यांचीच होते. आठवड्यातून किमान दोन तासिका नियमित वेळापत्रकात, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कारभारासाठी मोकळ्या ठेवल्यास ही विषमता पुष्कळ अंशी कमी होऊ शकते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. मात्र हा निर्णय जूनमधील वेळापत्रक समितीच्या बैठकीतच व्हावयास हवा, कारण ऑगस्टपर्यंत सर्व वर्गखोल्या आणि तासिका वाटल्या गेलेल्या असतात.